पद्मजेचा खोकला

“भैयाजी, या नायकाले कोणी गप्प काहून नाही बसवत?” नागपूरच्या महाल भागातल्या वाचनालयाच्या टेबलावर पुस्तक ठेवत शामला म्हणाली. पिशवीतलं दुसरं पुस्तक अडकलं होतं, त्यामुळे वर पाहायला तिला सवड नव्हती. “नायिका जिना चढली का हा बोलते, उतरली का बोलते. तिनं याच्याशी लग्न केलं ते निव्वळ याले चूप करायसाठी, असं माझं मत आहे.”

पुस्तक एकदाचं निघालं. तिनं मान वर केली, तर समोर म्हातारे भैयाजी नव्हतेच. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण बसला होता. दाट काळी मिशी, आणि मिशीखालचं तोंड काहीतरी बोलण्यासाठी नुकतंच उघडलेलं... ते त्यानं हळूच मिटून घेतलं.

“भैयाजी कुठं आहेत?”

“रिटायर झाले. मी मुकुंद.” एवढं बोलून त्यानं पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. पुढे एक अक्षर नाही.

शामला तांडापेठेतल्या जागेश्वर कोष्ट्याची मॅट्रिक झालेली मुलगी. नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि मिलच्या कापडानं हातमागाला जेरीस आणलं होतं, तरी जागेश्वरच्या अंगणात रोज दुपारी पाच-सहा बायका चरख्यांवर मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जमत. त्यांचे हात चालू राहावेत म्हणून शामला ओट्यावर बसून कादंबरी वाची. ही युक्ती बापाचीच. अडचण एवढीच, की गोष्टीत कोणी आजारी पडलं की बायकांचे डोळे भरत, सूत दिसेनासं होई, तुटे, आणि आत मागावर बसलेला जागेश्वर कांड्यांसाठी ओरडू लागे.

म्हणून पद्मजा नावाची नायिका एकशे चाळिसाव्या पानावर खोकू लागली, तेव्हा शामलानं तिला एकशे एक्केचाळिसाव्या पानावर ठणठणीत बरं करून टाकलं. बापाचं ओरडणं थांबलं. मग मात्र तिला चटकच लागली. विहिरीत जीव देणाऱ्या नायिका विहिरीवर नुसतं पाणी भरून परत येऊ लागल्या. जो नायक मनातून उतरला, त्याची बदली बिलासपूरला. अंगणात वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि शामला पानं मोठ्या इमानदारीनं उलटत असे.

खरी मतं ती शनिवारी वाचनालयात देई.

“हा नायक खिडकीशी बसून उसासे टाकते. उसासे टाकायले उजेड कायले पाहिजे?”

पुढच्या शनिवारी मुकुंदचं टेबल खिडकीपासून हलून कपाटांमागच्या अंधारात गेलं होतं. ऊन लागत असेल, असं तिला वाटलं.

“अर्धी कादंबरी नायक मिशीवर ताव देऊन राहिला. मले नाही पटला.”

पुढच्या शनिवारी मिशी गायब. शामला चरकली. घरात कोणाचं तरी बरंवाईट झालं असणार... तिनं आवाज खाली आणून विचारलं, “घरचे सगळे...?” त्यानं गोंधळून मान हलवली. तिला ती दुःखाची खूण वाटली आणि पुढचे दोन दिवस ती त्या अनोळखी मृतासाठी हळहळत राहिली.

बोलत मात्र तो नसे. तिचं मत ऐकताना शिक्का हवेतच थांबे, डोळे हसत, आणि ओठ निग्रहानं मिटलेले असत. हळूहळू शामलाच्या लक्षात आलं, की आपण आता कादंबरी वाचतो ती शनिवारी याला काय सांगायचं, ते शोधत. तो तिला आवडला होता. फार आवडला होता. पण बोलेल तर ना!

आणि एके दुपारी शेजारची रुखमाबाई बातमी घेऊन आली. उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा, वाचनालयात नोकरीला, रविवारी शामलाला पाहायला येतोय. त्या दिवशी शामलानं भाजीत दोनदा मीठ घातलं आणि तीच भाजी आवडीनं खाल्ली.

रविवारी मुकुंद आपले काका मारोतराव यांच्याबरोबर आला. कांड्यांवाल्या साऱ्या बायका कोथिंबिरीची सांबारवडी तळण्याच्या निमित्तानं हजर होत्या. रुखमाबाईनं थेट परीक्षाच घेतली.

“तुम्ही पुस्तकातले माणूस. मंग सांगा, आमची पद्मजा कशी वाटली तुमाले?”

मुकुंदचा चेहरा उजळला. “पद्मजा? लई वाईट झालं. खोकता खोकता गेली बिचारी. मले दोन दिवस जेवण गेलं नाही.”

“गेली? कुठं गेली?”

“म्हणजे... वारली. शेवटच्या पानावर.”

“काहीतरीच काय,” कांड्या भरणारी मैनाबाई म्हणाली. “बरी झाली ती. भिवापूरले पोरींची शाळा काढली तिनं. आमी सगळ्यांनी ऐकलं.”

मुकुंदनं शामलाकडे पाहिलं. चहाच्या कपांचं ताट धरून ती बायकांची नजर चुकवत होती. त्या एका नजरेत त्याला सगळं उमगलं.

“हो... माझंच चुकलं,” तो म्हणाला. “शेवट मी वाचलाच नाही. अंदाजानं बोललो.”

रुखमाबाई उठून उभी राहिली. “पुस्तकं धड वाचत नाही, वरून जित्या बाईले मारते. जागेश्वर भाऊ, हा आपल्या पोरीच्या कामाचा नाही.”

जागेश्वरनंही मान डोलावली. अर्ध्यावर मागावरून उठणारा माणूस त्याला कधीच खपला नव्हता. मारोतरावांनी टोपी घातली. मुकुंद उठून पायऱ्यांकडे वळला.

आपण गप्प राहिलं तर अंगणातली इज्जत शाबूत, आणि हा माणूस पायऱ्या उतरून कायमचा गेला. शामलानं ताट खाली ठेवलं.

“ते खरं बोलून राहिले, मावशी. पद्मजा मेली.”

“कधी?”

“आखाडात.”

“आणि तू आता सांगतं वं?” रुखमाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

“आणि ती विहिरीवरची?” मैनाबाईनं विचारलं.

“बुडाली.”

“बिलासपूरवाला?”

“तो जित्ता आहे. नायिकेनं त्याच्याशीच लग्न केलं.”

“त्या मेल्याशी?” हा घाव सगळ्यांत मोठा होता. अंगणभर रडणं सुरू झालं. जागेश्वरनं सवयीनं चरख्यांकडे पाहिलं.

“काहून केलं असं पोरी?” रुखमाबाईनं विचारलं.

शामलाच्या आधी मुकुंदच बोलला. “पुस्तकं चुकीची लिहिली होती म्हणून. मी सगळी शेवटपर्यंत वाचली, मावशी. पण भिवापूरची शाळाच मले खरी वाटते.” मग तो शामलाकडे वळला आणि त्याचा बांध फुटला. “तुमचं मत ऐकल्याबिगर मले पुस्तक वाचल्यासारखं वाटतच नाही. नायक लई बोलते म्हणल्या, तेव्हापासून मी गप्प आहे. खिडकी सोडली. मिशी—” त्याचा हात ओठावर गेला.

शामला बघतच राहिली. “म्हणजे तुमच्या घरी कोणी वारलं नव्हतं?”

“नाही.”

“मी दोन दिवस हळहळली.” तिला हसू आवरेना. “अहो, ती मतं नायकांबद्दल होती. तुमच्याबद्दल नव्हती.”

“मंग माझ्याबद्दल काय आहे?”

बायकांनी नाक ओढणं थांबवलं. शामलानं शनिवारसारखा गळा साफ केला. “माणूस चांगला आहे. पहिली दीडशे पानं उगाच वाया घालवली, एवढंच. आणि...” ती थांबली, लाजली. “मिशी परत ठेवा. छान दिसत होती.”

मारोतरावांनी टोपी काढून पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

लग्नाचा मुहूर्त फाल्गुनातला ठरला. दुसऱ्या दिवशी दुपारी चरखे लागले तेव्हा रुखमाबाईनं बजावलं, “आता जसं लिहिलं तसंच वाचजो.” शामलानं तसंच वाचलं, कानामात्रेचाही फरक न करता. बाराव्या पानावर नायिकेला ताप भरला. एकेक चरखा मंदावला. आतून जागेश्वर खाकरला.

रुखमाबाईनं सुतावरची नजर न काढता म्हटलं, “बरी कर तिले.”