सोप्या प्रश्नाची भीती

बेलापूरच्या परीक्षा केंद्राखाली, चहाच्या टपरीवर रुतिका ओढणीने डोळे पुसत होती. शेजारच्या मुलाने न विचारताच तिच्यासाठी एक कटिंग सांगितला. दोघंही परदेशातल्या एमबीएची परीक्षा देऊन नुकतीच खाली उतरली होती. मोठी खट परीक्षा! उत्तर बरोबर आलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न अवघड काढतो, चुकलं की सोपा.

"मधेच एकदम सोपा प्रश्न आला," ती म्हणाली. "वाटलं, आधीचा चुकलाय... नाहीतर यात काहीतरी गोम आहे. त्यालाच धरून बसले. शेवटचे राहूनच गेले!"

"काही प्रश्न नुसते ट्रायलचे असतात, त्यांना मार्कच नसतात. कुठले, ते कळत नाही. त्यामुळे टेन्शन घ्यायचं नाही, आणि कोरं तर सोडायचंच नाही. त्याचे जास्त कापतात."

"मग तुला किती पडले?"

"रडण्याइतकेच. पण मी करंजाड्याला घरी जाऊन रडणार. मी अभिराम."

हसायचं नव्हतं, तरी ती हसली.

दिवाळे गावात घरी तिच्या बाबांनी, सिताराम कोळ्यांनी, निक्षून सांगितलं, "आता येकदाच. नाय जमला, त तळोज्याची नोकरी तयार हाय."

अभिरामने परीक्षेचा नाद सोडून ऐरोलीत नोकरी धरली. तरी दर रविवारी वाशीच्या खाडीकाठी तो तिच्यासाठी मोबाईलवर घड्याळ लावून बसायचा. ती एखाद्या गणितात अडकली की ओरडायचा, "सोड, पुढे चल!" ती चिडायची, पण सोडायची. तो नुसता समोर बसला तरी तिचं गणित चुकायचं. हे मात्र तिने त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला स्क्रीनवर हवा तेवढा स्कोअर आला. ती धावतच टपरीवर आली. अभिराम तिथे होताच. त्याला पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, आता जायचं म्हणजे यालाही सोडून जायचं.

"एक सोपा प्रश्न विचारू?" तो म्हणाला. "मी तुला... आवडतो का?"

"यात गोम काय आहे?"

"काहीच नाही गं!"

"आवडतोस. खूप."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मग... दोन वर्षांनी परत येशील?"

हा प्रश्न अवघड होता. म्हणजे आधीचं उत्तर बरोबर आलं होतं. रुतिका विचार करत राहिली, चहावर साय धरली, पण या वेळी तो 'पुढे चल' म्हणाला नाही.

"येईन," ती म्हणाली.

"नक्की?"

"खात्री नाही रे. पण कोरं सोडायचं नाही ना."

अभिरामने तिचा हात हातात घेतला आणि आणखी दोन कटिंग सांगितले.