आडवा चौकोन

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे सरका. मी कोणाला घाबरवायला हे लिहीत नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आजही वाकत नाहीत, मला तेवढा पुरावा पुरे आहे.

आणि ती रात्र नव्हती. १८ फेब्रुवारी २०२४, रविवार, भर दुपार. भंडारा जिल्ह्यात, सानगडीच्या अलीकडचा रस्ता.

माझं नाव भूपेंद्र. लाखनीला हायवेवर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मला एकच बहीण, डिंपल, माझ्याहून धाकटी. तिचा नवरा खुशाल गावोगाव फिरून बियाणं विकायचा. त्याच्याकडे जुनी इलेक्ट्रिक कार होती. शुगरमुळे त्याचा डावा डोळा जवळजवळ गेला होता, पण फिरल्याशिवाय घर चालत नव्हतं.

त्याआधीच्या भाऊबीजेला ओवाळताना डिंपल म्हणाली, "दादा, या वर्षी साडी नको. ह्यायच्या गाडीले ते बसवून दे ना. समोर मानूस आला की आपोआप ब्रेक लागते, ते. मले भल्ली भीती वाटते."

मी हो म्हणालो. ओवाळणी म्हणून कबूल केलं.

इतक्या जुन्या मॉडेलला नवा सेट मिळेना. तीन महिने शोधला. शेवटी नागपूरच्या भंगारात, एका ठोकलेल्या गाडीतून काढलेला मिळाला. काचेवरचा कॅमेरा, बंपरमागचा रडार, स्टिअरिंग आणि ब्रेक ओढणारी मोटर, आणि एक छोटी स्क्रीन. समोर माणूस आला की स्क्रीनवर त्याच्याभोवती पिवळा चौकोन येतो.

रडारच्या पट्टीवर वाळलेला तपकिरी डाग होता. खाचेत चार-पाच केस अडकलेले...

मी थिनरने पुसून टाकले. भंगाराच्या मालाला डाग असायचेच.

डिंपलला फोनवर सांगितलं, "नवा कोरा आहे. डब्यातला."

रविवारी सकाळी खुशाल गाडी घेऊन दुकानावर आला आणि मी सेट बसवला. मग कॅमेरा जुळवायचा होता. त्याला समोर एक माणूस उभा लागतो. खुशालच दहा पावलांवर जाऊन उभा राहिला.

"साळेबुवा, नेम धरून मारू नका म्हंजे झालं!" तो हसत म्हणाला.

मी स्क्रीन पाहिली.

खुशालच्या भोवती चौकोन आला. बरोबर.

आणि त्याच्या पायाशी... दुसरा चौकोन.

आडवा. जमिनीवर.

मी मान वर करून पाहिलं. तिथे काही नव्हतं. काच पुसली, चौकोन गेला. खुशाल एक पाऊल सरकला, चौकोन परत आला. वायर काढून परत लावली, तेव्हा कुठे तो गेला. मी वीस वर्षं हेच काम करणारा मिस्त्री, मला वाटलं आपल्याला सगळं कळतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच.

"काय झालं?" खुशालने विचारलं.

"काई नाई जवाईबापू. नवीन हाये, बसते हळूहळू."

डिंपलने सानगडीला घरी जेवायला बोलावलं होतं. चाचणीही होईल म्हणून दोघं निघालो. तो चालवत होता, मी बाजूला. सेट मस्त चालत होता. एक म्हातारी आडवी आली तर गाडीने स्वतःहून ब्रेक मारला. खुशाल लहान पोरासारखा खूश झाला.

"डिंपल आता सुखानं झोपन," तो म्हणाला.

सानगडी जवळ आली. आमच्याकडे त्या दिवसांत लाखोरी निघते. डाळीचं पीक. वाळलेली झाडं लोक रस्त्यावर पसरतात. गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, मळणीचे कष्ट वाचतात. आम्ही सगळेच लाखोरीवरून गाडी नेतो, कोणी विचारही करत नाही.

पुढचा ढीग खुशालच्या बापाचा होता. मारोतराव रोज तिथे कडेला छत्री उघडून राखण करत बसायचे.

छत्री दिसली. ढिगावर उलटी पडलेली.

मारोतराव नव्हते.

स्क्रीन वाजली... टिक. टिक. टिक.

ढिगाच्या मधोमध पिवळा चौकोन. आडवा.

"बाबा झोपले का काय थ्या ढिगात?" खुशालने ब्रेकवर पाय मारला.

गाडी थांबायला हवी होती. तिने वेग घेतला.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचा आवाज नसतो. फक्त सीट पाठीला लागली, एवढंच कळलं. खुशालने स्टिअरिंग वळवलं. ते त्याच्या हातात उलटं फिरलं. त्याचा अंगठा आऱ्यात सापडला आणि मोडल्याचा आवाज मी ऐकला.

आम्ही ढिगावरून गेलो. शेंगा कडकड फुटल्या.

आणि त्या कडकडीत... आणखी काहीतरी फुटलं.

गाडी थांबली. अगदी शांत.

"बाबा!" खुशाल किंचाळला. दार ढकलून तो पळाला आणि गाडीच्या मागे ढिगात गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी काड्या उपसू लागला. मोडका अंगठा लोंबत होता, त्याला त्याची शुद्ध नव्हती.

मी डॅशबोर्डखाली हात घालून सेटच्या सगळ्या वायरी उपटल्या. स्क्रीन काळी झाली. किल्ली फिरवून काढून घेतली.

किल्ली माझ्या हातात होती. हे परत वाचा. किल्ली माझ्या हातात होती.

गिअरचं बटण आपोआप फिरलं...

रिव्हर्स.

गिअरच्या वायरीला मी सकाळपासून बोटही लावलं नव्हतं.

"जवाईबापू, सरका! सरका!"

गाडीला आवाजच नव्हता. खुशालने मान वळवली ती डावीकडून, गेलेल्या डोळ्याच्या बाजूने. मला आरशात त्याचा हात दिसला. फक्त एक हात, वर उचललेला.

मग गाडी उचलली गेली आणि खाली बसली.

मी खाली वाकून हाताने ब्रेक दाबला. पेडल दबेना. खालून कोणी पाय लावून धरल्यासारखं ते वर ढकलत होतं. मग ते उसळलं आणि माझी दोन बोटं दांड्यात मोडली.

गाडी पुढे गेली. त्याच्यावरून.

मागे आली. त्याच्यावरून.

तो दुसऱ्या वेळेपर्यंत ओरडत होता. तिसऱ्या वेळेला ओरडला नाही.

मग गाडी थांबली. रक्त काड्यांमधून डांबरावर आलं आणि टायरभोवती साचलं. मी दाराबाहेर पडलो आणि तिथेच रडत बसलो.

बांधावरून कोणीतरी हळूहळू येत होतं. हातात पाण्याची बाटली. बोअरवर पाणी प्यायला गेलेले मारोतराव.

त्यांनी गाडी पाहिली. मला पाहिलं.

"काहून रडते गा भूपेंद्र? कोन व्हय खाली?"

म्हाताऱ्याने वाकून स्वतः काड्या बाजूला केल्या.

ढिगात खुशालशिवाय कोणी नव्हतं.

पोलिसांनी बिघाड लिहून घेतला. सेट जप्त झाला. गाडी तपासणाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "किल्ली नसताना ही हललीच कशी?"

महिन्याभराने मी त्या भंगारवाल्याकडे गेलो. माझी बोटं बघून त्याने सांगितलं. ज्या गाडीतून सेट काढला, तिच्याखाली एक माणूस आला होता. जिवंत होता, हात वर करून थांब म्हणत होता. चालवणाऱ्याने पाहिलं, आणि गाडी त्याच्यावरून फिरवली. बोलायला उरू नये म्हणून.

किती वेळा, ते मी विचारलं नाही. त्याने स्वतःच तीन बोटं दाखवली.

त्या वर्षी डिंपलने सण केला नाही. यंदाच्या भाऊबीजेला मात्र तिने मला बोलावलं. मी आणि माझी बायको रिता गेलो. पाटावर बसलो. डिंपलने ताट धरलं आणि ओवाळता ओवाळता थांबली.

"दादा, एक विचारू? थो सेट नवाच होता ना?"

दिव्यापलीकडे तिचं कोरं कपाळ होतं. खरं सांगायचं होतं हो मला. दीड वर्षं तेच घेऊन फिरत होतो.

"नवाच होता," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मला कुंकू लावलं.

रिता समोर मोबाईल धरून फोटो काढत होती. ती मध्येच थांबली.

"अहो... तुमच्या दोघांच्या तोंडावर चौकोन आला, थे बरोबर. पन हा तिसरा खाली काहून दाखवून रायला?"

"कुठे खाली?"

"तुमच्या पाटापाशी. आडवा."

मी पायाशी पाहिलं. तिथे काही नव्हतं.

डिंपलही बघत होती. पण ती खाली बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.