मलकापूरची दमणी

भर बाजारात कोकिळा चिंतामणच्या बैलांपुढे आली, कारण तिचं सगळं लक्ष गुळाच्या पुडीच्या छापील कागदावर होतं. त्यानं कासरा ओढला. ओरडणारच होता, पण तिनं वर पाहिलं आणि ओरडणं राहूनच गेलं.

"काय लिहेल हाये एवढं?" त्यानं कसंबसं विचारलं.

"कापसाचा भाव. वाचून दाखवू?"

"दाखव... सावकाश वाच."

चिंतामणला चांगलं वाचता येत होतं. तरी दर बाजारी तो कुठून कुठून कागद घेऊन यायचा आणि कोकिळा हसू दाबून वाचायची.

कोकिळा सातवी पास झाली. मास्तरीण व्हायच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी अमरावतीत तिला जागाही मिळाली. पण त्याच वर्षी त्यांच्या गावात, धामणगावात, धर्मसभा निघाली, आणि तिचे पुढारी निवृत्तीबुवा म्हणजे चिंतामणचेच वडील. आधी पोरींचं बाजारात जाणं बंद झालं, मग शाळा. शेवटी ठरलं, की कोकिळेला मलकापूरच्या आगगाडीपर्यंत पोचवायला गावात कोणी बैल जुंपायचे नाहीत. तशी शपथ प्रत्येक गाडीवाल्यानं देवळात बेलभंडार उचलून घ्यायची. आणि शपथेच्या दुसऱ्याच दिवशी ती अमरावतीला पोचली नाही, तर जागा हातची जाणार होती.

बायका देवळाच्या मंडपाबाहेर उभ्या होत्या. कोकिळा त्यांच्यातून वाकून पाहत होती. एकेकानं बेलभंडार उचलला. चिंतामण पुढे आला, त्यानं हात लांबवला... आणि मागे घेतला.

"मी नाही उचलत, बाबा. मी जुपतो बैल."

"मंग माह्या घरात पाय ठेवू नोको."

"हाव," तो म्हणाला आणि मंडपातून बाहेर पडला.

पहाटे चिंतामणची दमणी, छपराची छोटी बैलगाडी, निघाली. सोबतीला कोकिळेची आई शालूबाई होती. वेशीत सभेची माणसं काठ्या घेऊन उभी. शालूबाई पदर खोचून पुढे धुरेवर, चिंतामणच्या शेजारी येऊन बसली. बाईमाणसावर काठी उगारायला कोणी धजेना, आणि दमणी निघून गेली.

मलकापूरला आगगाडी उभीच होती. चिंतामण हळूच म्हणाला, "मीबी येतो. तिथंच लगन करू."

हो म्हणायला कोकिळेचा जीव तळमळला. पण तिनं मान हलवली.

"आज लगन केलं त लोक म्हनतीन, शिक्षनाचं निमित्त होतं, पोरगी पयाली. मंग गावातल्या कोन्त्याच पोरीले कोनी सोडनार नाही. दोन वर्सं थांबसान?"

त्याचे डोळे भरले. "थांबीन. पन जाता जाता माह्यं नाव त घे एकदा."

गाडी हलली. कोकिळा खिडकीतून वाकली, लाजली, पण बोलली सगळ्यांना ऐकू जाईल असं—

"नाही घेत. नवऱ्याचं नाव कोन्ती बाई घेते?"