रेणुकाबाईचा हात

इचोड्याला महिपतचा फोटो स्टुडिओ नागपूर रोडच्या इतका कडेला होता की भरला ट्रक गेला की काउंटरवरच्या चहात लाटा उठायच्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र थरथरायचं. नव्व्याण्णव सालची गोष्ट. त्याआधी त्या टेबलावर पासपोर्ट फोटो कापायची कात्री आणि डिंकाची बाटली असायची.

कॉम्प्युटर महिपत कोणाकडून शिकला नव्हता. शिकवणारं होतं कोण? हैदराबादच्या साहेबांच्या लेखी महाराष्ट्राच्या सीमेवरचा हा जिल्हा म्हणजे बदलीची शिक्षा. आणि इथला मराठी माणूस त्यांच्या खिजगणतीत नव्हता, महाराष्ट्राच्या तर त्याहून नव्हता. महिपतनं एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचे प्रोग्राम उघडून, बिघडवून, पुन्हा बसवून सगळं आपलं आपण शिकून घेतलं. फोनची तार मोडेमला लावली की तो किंचाळायचा, खरखरायचा आणि मग एकदम गप्प व्हायचा. त्या गप्प होण्यात जग उघडायचं. आज बोटाच्या टोकाशी सगळं आहे, पण ती घटका परत मिळत नाही.

"काऊन बे, मशीनचं पोट दुखून राह्यलं काय?" शेजारचा चहावाला डोमाजी ओरडायचा.

एका दुपारी बाजारहत्नूरचे सुधाकरराव सार दुकानात आले. रिटायर मास्तर, म्हणून साऱ्यांचे 'सार'. मागं पदर सावरत त्यांची बायको रेणुकाबाई. त्यांचा एकुलता मोतीराम सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता, हे इचोड्यातही सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगं घरी मराठी बोलायचं, शाळेत तेलुगूत नापास व्हायचं आणि मार मात्र मराठीत खायचं. सारांनी भरल्या बाजारात त्याला थोबाडीत मारली. तो रोडवर आला, नागपूरकडच्या ट्रकात चढला आणि गेला. ना चिठ्ठी, ना निरोप.

"महिपत, ते इंटरनेट साऱ्या जगात दिसते म्हन्ते. खरं हाय?" सारांनी विचारलं.

"हो सार."

"मंग आमच्या मोत्याले बी दिसन?"

"त्यानं पाहिलं तं दिसन."

त्यानं सुचवलं ते असं: एक पान करायचं. त्यावर मोतीरामचं नाव, गाव, स्टुडिओचा फोन नंबर आणि वर एक हलतं चित्र.

"त्याचाच फोटो लाव ना बापू," रेणुकाबाई म्हणाली. "माहा कायले?"

"काकू, सोताचा फोटो पाहून कोनी घरी येते काय? तुमी हातानं बोलवा त्याले."

त्या भागात निघालेल्या माणसाला टाटा करायची रीत नव्हती. घरची बाई उंबऱ्यात उभी राहायची, तळवा खाली करून बोटं आपल्याकडे ओढायची. ये. जाणाऱ्याला 'जा' म्हणायचं नाही, 'ये'च म्हणायचं. तीनदा हात हलवायचा आणि मागं न पाहता आत जायचं. मोतीराम पळून गेला, म्हणून रेणुकाबाईचे ते तीन हात राहूनच गेले होते.

महिपत कॅमेरा घेऊन बाजारहत्नूरला गेला. घराचं दार पश्चिमेला. ऊन उतरलं होतं. रेणुकाबाई धुवट लुगडं नेसून उंबऱ्यात उभी राहिली. अंगणात महिपत, पाठीवर सूर्य. त्याची लांब सावली पायरीच्या हातभर अलीकडे येऊन थांबत होती. ती फोटोत येतेय हे त्याला दिसलं, पण रोल संपत आला होता. हात वर, हात मधे, हात खाली, पुन्हा मधे, असे फोटो त्यानं काढले. शेवटचा हलला आणि वाया गेला.

निघताना ती म्हणाली, "तीनदाच हालव बाप्पा."

"काऊन काकू?"

"तीनदा बोलावलं का ज्याले बोलावलं तो ऐकते. त्याच्याम्होरं बोलावत राह्यलं तं ज्याले कोनीच बोलावत नाही, तो ऐकते."

"म्हाताऱ्या बायाचं काही बी," सार पुटपुटले.

"तीनदाच हालवतो," महिपत म्हणाला.

फोटो स्कॅन करून त्यानं एकामागं एक लावले. हात डोळ्यांपुढं हलला तेव्हा तो खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकला. शेवटचा, हात परत वर जातानाचा फोटो वाया गेल्यामुळं हात खाली सावकाश यायचा आणि वर जाताना एक झटका खायचा. तो झटका काही केल्या जाईना. राहू दे म्हणाला. प्रोग्राम विचारत होता, चित्र किती वेळा फिरवायचं? महिपतनं 'तीन' लिहिलं. मग विचार केला, तेव्हाचं नेट म्हणजे बैलगाडी. पान पुरतं उघडेपर्यंत तीन हात होऊन जायचे आणि मोत्याला नुसती उभी बाई दिसायची. त्यानं तीन खोडून 'कायम' केलं. रेणुकाबाईला कोण सांगणार होतं?

डोमाजी पाहायला आला. "लय हात हालवते रे बाई. हिले चहा सांगू काय?"

दोघं हसले. ते हसू पुढं महिपतला फार दिवस आठवत राहिलं.

पहिल्यांदा त्याला वाटलं, ट्रकच्या हादऱ्यानं पडद्यावरचं चित्र सरकलं असेल. पायरीच्या अलीकडची सावली पायरीला टेकली होती. त्यानं पाकिटातून फोटो काढून पडद्याशेजारी धरला. कागदावर सावली हातभर मागं. पडद्यावर पायरीवर.

त्यानं फोटो पुन्हा स्कॅन केले, चित्र नव्यानं बांधलं, नव्यानं चढवलं. सावली जिथं होती तिथं.

पुढल्या आठवड्यात ती पायरीच्या काठावर मोडून वर चढली होती. ती सावली महिपतची होती. पण फोटो काढताना महिपतच्या हातात कॅमेरा होता, कोपरं बाहेर आली होती. या सावलीचे दोन्ही हात अंगालगत सरळ होते.

रेणुकाबाई हात हलवत होती. सावकाश खाली, झटक्यानं वर. महिपतला वाटलं, ही बाई दमली आहे. दम तरी घेऊ द्यावा.

त्यानं पान काढून टाकायचं ठरवलं. मोडेमची तार लावायला हात पुढं केला, तेवढ्यात फोन वाजला.

"महिपतभाऊ काय? मी मोत्या. सुरतेहून."

महिपत उठून उभा राहिला.

"इथं सायबर कॅफेत एका पोरानं दाखवलं. रोज जाऊन पायतो. आई बोलावून राह्यली ना भाऊ, थांबूनच नाही राह्यली." पलीकडं तो रडत होता. "सांगजो तिले, निघालो म्हनून."

आता ते चित्र काढायला कोणाचा हात धजला असता? दोन दिवसांचा तर प्रश्न होता. महिपतनं साऱ्या रोडवर पेढे वाटले आणि बाजारहत्नूरला निरोप धाडला.

मोतीराम उतरायचा होता त्या दिवशी महिपतनं पान उघडलं. अंगणात स्वच्छ ऊन होतं. सावली नव्हती.

उंबऱ्यात रेणुकाबाई अंग चोरून, थोडी बाजूला सरकून उभी होती. कुणाला वाट द्यावी तशी.

मोतीराम बसमधून उतरला तो दाढी वाढलेला, हातात आईसाठी सुरतेची साडी. दोघं बाजारहत्नूरला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. सुधाकरराव सार अंगणात बाजेवर बसले होते. पोराकडं पाहून उठले नाहीत.

दारात रेणुकाबाई आली. इतकी सुखी बाई महिपतनं कधी पाहिली नव्हती.

"काकू, पाहा कोन आनला!"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल बापू. आत्ताच जेवून लवंडला."

"कोन?"

"माहा मोत्या. परवाच आला ना." मग तिनं मोतीरामकडं पाहिलं, परक्या माणसाकडं पाहावं तसं. "हे पाहुने कोन्या गावचे?"

"आई, मी."

ती नुसती हसली.

महिपत बाजेपाशी गेला. "सार, आत कोन हाय?"

"म्या पाहिलं नाही." सारांनी मान खाली घातली. "परवापासून म्या आत गेलोच नाही."

महिपतनं दाराकडं पाहिलं.

रेणुकाबाईच्या मागच्या अंधारात एक हात वर झाला होता. तळवा खाली.

तो सावकाश खाली आला. झटक्यानं वर गेला.

तो झटका महिपत ओळखत होता.

सावकाश खाली. झटक्यानं वर. तिसऱ्यांदाही. आणि मग चौथ्यांदा.

"मोत्या," महिपत म्हणाला, "चाल, इचोड्याले जाऊ."

मोतीरामला ऐकू गेलं नाही. त्यानं उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि नीट जोडून ठेवल्या.