पाहुण्याच्या हातावर पाणी

धामणगाव बढ्याचे शेषराव आणि सिंधूताई युरोपच्या टूरला निघाले ते सुनेच्या हट्टापायी. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून सुचितानं परस्पर सगळं ठरवलं, अन् सिंधूताईंनी पहिलं काम काय केलं, तर तीन डबे दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. तिकडचं खाणं दवाखान्यातल्यासारखं असतं, हे त्यांनी न जाताच ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर ते खोटंही निघालं नाही.

बर्फ मात्र दोघांना भलता आवडला. शेषराव मुठीत बर्फ धरून म्हणाले, "अवं, ह्या गाराच हायत, पन पीक नाही झोडपत." टूरवाली निशिगंधा पुण्याची, घड्याळावर चालणारी. ही दोघं बोलली की ती गालातल्या गालात हसायची. "हास बाई," सिंधूताई म्हणायच्या, "तुह्या हसण्यानं माही बोली झिजत नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी मिठाची जुनी खाण पाहायची होती. तीनशे पायऱ्या खाली. तिथं कोरडा गारठा, अन् श्वास घेतला की ओठांवर खारट चव. एका दालनात खाणकामगारांची जेवायची जागा जशीच्या तशी ठेवलेली: लांब मेज, दोन बाकं. एका बाकावर मेणाचा पुतळा, मान खाली, समोर रिकामी ताटली.

इथं शेषरावांचे हात कापायला लागले, कपाळावर घाम आला. साखर उतरली होती. खाली काही खायचं नाही, असं निशिगंधानं बजावलं होतं. पण माणूस पानासारखा थरथरतोय अन् नियम कसले पाळता! सिंधूताईंनी नवऱ्याला दुसऱ्या बाकावर बसवून डबा उघडला.

समोर एक जण रिकामी ताटली घेऊन बसलेला. समोरच्याला न विचारता घास तोंडात घालायचा, हे सिंधूताईंच्या घरात कोणी कधी केलं नव्हतं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "या जेवाले." नुसतं म्हणूनही थांबल्या नाहीत, अर्धी दशमी अन् चटणी त्याच्या ताटलीत ठेवली, उरलेली अर्धी नवऱ्याला भरवली.

"काका, काकू, चला पटकन!" पुढून हाक आली. दोघं तशीच उठली. वळणावर सिंधूताईंनी मागे पाहिलं. ताटली रिकामी होती.

"उंदीर असन," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मिठात उंदीर राहत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळपासून शेषराव खात होते अन् उपाशीच राहत होते. साखर मोजायच्या मशीनवरचा आकडा उतरत चालला. दोन दिवसांत गाल बसले, पँट कमरेवर ठरेना. डॉक्टर आला, तपासून गेला, त्याला काही सापडलं नाही.

"मी खातो वं... पन पोटात जात नाही," शेषराव हळूच म्हणाले. "घास तोंडात घातला का... समोर कोनीतरी चावून राह्यलं, असं वाटते."

हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत संपणार, तोही आपल्या हातानं! मग सिंधूताईंचा संताप उफाळला.

"चूक माही हाय," त्या म्हणाल्या. "पाव्हण्याले बोलावलं, वाढलं, अन् हातावर पानी न घालता उठून आलो. जेवन झालं, हे त्याले कोनं सांगतलंच नाही. थो अजून ताटावरच बसला हाय."

"मंग आता?"

"उठवाच लागन त्याले. चाळीस वर्षं पंक्ती उठवल्या म्या, हा एकटा काय घेऊन बसला!"

पाचव्या दिवशी बस त्याच रस्त्यानं परतत होती. निशिगंधा वेळापत्रक दाखवायला लागली. "थे तुह्यापाशीच ठेव," सिंधूताई म्हणाल्या. "आम्ही दोघं खाली जाऊन येतो. नाही तं बससमोर बसतो. मंग ने बस कशी नेतं थे." बस थांबली.

खाली पुतळा होता तिथंच होता. फक्त मान वर होती. ओठाच्या कोपऱ्यात चटणीचा लाल कण होता. शेषराव धापा टाकत समोरच्या बाकावर बसले. सिंधूताईंनी बाटली उघडली अन् मेणाच्या तळहातांवर पाणी ओतलं. पाणी खाली सांडलं नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत मुरावं तसं मुरलं.

"झालं तुमचं जेवन. उठा आता."

दिवे गेले.

डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. त्यात बाक करकरलं. सिंधूताई हटल्या नाहीत. "उठला नं? जाय आता आपल्या वाटेनं! माह्या मानसाच्या ताटाले पुन्हा हात लावशीन तं याद राख!"

मग त्यांनी अंधारात हात पुढे केला. "अहो... उठा... चला."

हातात हात आला. गार होता. पण तिथं सगळंच गार होतं. तो हात धरून सिंधूताई तीनशे पायऱ्या मागे न बघता चढल्या. वाटेत नवऱ्याला एकदाही दम लागला नाही, याचं त्यांना बरंच वाटलं.

बसमध्ये ते दशम्यांवर तुटून पडले. एक, दोन, तीन. सिंधूताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. चौथी दशमी देताना त्यांचं लक्ष गेलं.

ते डाव्या हातानं खात होते.

"अहो... उजव्या हातानं खा नं."

ते तसेच चावत राहिले.

चाळीस वर्षांत, लग्नातला उखाणा सोडला तर, सिंधूताईंनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. खाली अंधारातही नाही. त्या 'अहो'ला कोणीही उठून आलं असतं.

त्या ताडकन उभ्या राहिल्या. "निशिगंधा, बस फिरव! माहा मानूस खाली राह्यला!"

"काकू... काका तर तुमच्या शेजारीच..."

"थे नाही!" गावच्या शिवारात हाक मारावी तसा सिंधूताईंनी खडा आवाज लावला, "शेषराव! ओ शेषराव!"

शेजारचा घास तोंडाशी थांबला. अन् बसच्या तळाखालून, डांबराच्याही खालून, फार खोलातून उत्तर आलं.

"ओ..."

ड्रायव्हर तिथलाच गोरा. त्याला मराठीचा म ठाऊक नव्हता. करकचून ब्रेक दाबला तो त्यानंच.