शंखातला कापूस

कापूस काढायची आयडिया माझी. ताई नको म्हणत होती, हे आधीच सांगून टाकतो.

काम तसं साधं होतं. गावाबाहेर दीडशे वर्षांचा एक बंगला आहे, रविवारी लोक तिकीट काढून बघायला येतात. वरच्या मजल्यावर एका खोलीत शिंपल्यांची कलाकुसर मांडलीय. काचेच्या पेट्यांत फुलांचे गुच्छ, पाकळ्या म्हणजे नखाएवढे गुलाबी शिंपले. मधल्या भिंतीवर मोठी चौकट, तिच्यात त्याच बंगल्याचं चित्र. भिंती शिंपल्यांच्या, आणि खिडक्या-दारांच्या जागी शंख. त्या घरातल्या कुणा बाईंनी अकरा वर्षं बसून केलंय म्हणे. बरेच शंख सैल झाले होते. ते काढायचे, साफ करायचे, परत चिकटवायचे.

जुन्या वस्तू दुरुस्त करणं हाच आम्हा बहीणभावाचा धंदा. ताई रीतसर शिकलेली. मी मोबाईलवर बघून बघून.

प्रत्येक शंखाच्या तोंडात कापूस कोंबलेला. पिवळा, दगडासारखा कडक. मला वाटलं, हा ओल धरत असणार.

"ज्या बाईने एवढं केलं, तिने कापूस उगाच घातला असेल का?" ताई म्हणाली.

"बुरशी लागेल गं."

"बरं बाबा. मोबाईलवर शिकलेल्या सर्जनपुढे आम्ही काय बोलणार!"

मग मी चिमट्याने कापूस उपसायचो आणि ताई शंख तोंडाशी धरून आतली धूळ फुंकायची. तिची सवयच ती. ब्रश आत वळत नाही, फुंकर वळते, म्हणायची. आणि फुंकता फुंकता अखंड बडबड. सासूबाई, शेजारीण, चिमणीची शाळा. चिमणी म्हणजे तिची लेक, पाच वर्षांची. रोज चारला शाळेतून आली की फोन. फोनवर आईचा आवाज ऐकल्याशिवाय ती घास तोंडात घेत नाही.

पहिल्या दिवशी गंमत म्हणून मी एक शंख कानाला लावला. समुद्र नाही. काहीच नाही. कुणीतरी कानावर हात दाबून धरावा तसं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हलत होता, पण टिकटिक नव्हती. खुर्ची ओढली. जड खुर्ची, लाकडी जमीन, तरी आवाज नाही. मला सर्दी होती. कानात दडे बसले असतील म्हटलं.

दुपारी बंगल्याच्या व्यवस्थापक बाई दारात आल्या.

"काय हो, भांडलात की काय दोघं?"

"नाही. का?"

"सकाळपासून खाली एक शब्द ऐकू आला नाही. काल तर केवढा दंगा होता."

ताई सकाळपासून बोलत होती. मी शेजारी बसून हं हं करत होतो. बाईंचं ऐकून ताई हसली. ते हसू मला ऐकू आलं. म्हणजे, आलं असं वाटलं.

चारला फोन वाजला. ताईने स्पीकर लावला.

"आई?"

"बोल ना पिल्लू."

"आई? तू बोलत का नाहीस?"

"रेंज गेली असेल गं," मी म्हटलं.

"मामा, तुझा येतोय आवाज. आईला दे ना."

ताई पुन्हा बोलली. मोठ्याने बोलली असावी, मानेची शीर फुगली होती. चिमणी पलीकडे रडायला लागली.

फोन ठेवून मी रेकॉर्डिंग चालू केलं. ताईला म्हटलं, एक ते दहा म्हण. मग लावून ऐकलं. खिडकीबाहेरचे पक्षी होते. माझा खोकला होता. आकडे नव्हते.

"कापूस परत घाल," ताई म्हणाली. हे मी तिच्या ओठांवरून ओळखलं.

जुना कापूस केव्हाच कचऱ्याच्या गाडीत गेला होता. प्रथमोपचाराच्या पेटीतला नवा घेतला. एकेक शंख बंद करत गेलो. सातव्या-आठव्याला घड्याळ टिकटिकायला लागलं. आणखी थोडे झाले आणि खुर्ची करकरली. जीव जरा भांड्यात पडला.

एक शंख राहिला. चित्रातल्या दाराच्या जागचा.

कापूस घालायच्या आधी कानाला लावला.

आत ताई होती. सासूबाई, शेजारीण, शाळा, सगळं. मग स्पष्ट, "बोल ना पिल्लू."

समोर ताई उभी होती. ओठ मिटलेले.

हा बंद केला तर ती कुठल्या बाजूला राहील, मला कळेना.

नाही बंद केला. खिशात घातला. चोरलाच म्हणा.

डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. ताई वहीत लिहून बोलते. चिमणी आता रोज चारला तो शंख कानाला लावून बसते आणि मग जेवते. इतके दिवस नुसती ऐकायची.

काल तिने तो कानावरून काढला, तोंडाशी धरला आणि आत काहीतरी सांगत राहिली. बराच वेळ.

मी हातभर अंतरावर तिचं ताट वाढत होतो. मला फक्त तिचे ओठ हलताना दिसले.