खेचर कोण हलवतं?

गॅरेजचं दार वर सरकेना. लुसिंडाने हँडल दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, तिचा धाकटा भाऊ एलिसेओने खालून बोटं घालून जोर केला, आणि शेजारच्या वेंडलने नेहमीप्रमाणे नुसता सल्ला दिला.

"आतून काहीतरी टेकलंय त्याला."

"मग हात लाव ना, सल्लागार," लुसिंडा म्हणाली.

शेवटी तिघं स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरली आणि पायरीवरच थांबली. खेचर मागे सरकून दाराला पाठ लावून उभं होतं.

खेचर म्हणजे आजोबांची जुनी डोंगरगाडी. टप उघडं, नाक चौकोनी, चारही चाकांत ताकद. मेंढ्यांच्या मागे ती डोंगरभर हिंडायची म्हणून घरात तिला हे नाव पडलं. आजोबांचे गुडघे गेले तशी ती परसातल्या कॉटनवुडच्या झाडाखाली गंजत पडली. या हिवाळ्यात फर्मीनमामाने तिचा सांगाडा सुटा केला, इंजिन उतरवून पुन्हा बसवलं, पत्रा ठोकून रंगवला. बोल्ट घासायचं काम मुलांकडे होतं, त्यामुळे तिचं हाड न् हाड त्यांच्या ओळखीचं झालं होतं. आता शाळेला सुट्टी लागली होती. शनिवारी आजोबांना त्यांच्या जुन्या कुरणावर न्यायचं ठरलं होतं.

"काल ती चेंडूपाशी होती," एलिसेओ हळूच म्हणाला.

छताला दोरीने टेनिसचा चेंडू टांगलेला होता. गाडीची काच चेंडूला टेकली की थांबायचं, ही मामाची खूण. आता चेंडू काचेपासून हातभर दूर लोंबत होता.

तेवढ्यात मामा कॉफीचा कप घेऊन आला. "कुणी बसलं होतं हिच्यात?"

"कुणीच नाही, मामा."

"मग काय, रात्री चरायला निघाली होती?"

"हँडब्रेक ओढला होतास का?"

"हँडब्रेकची तार यायचीय पोस्टाने. पहिल्या गिअरमध्ये ठेवली की गाडी हलत नाही. हिला कुणीतरी हात लावलाय, आणि ते कोण हे मला बरोबर कळतं."

मामाने खेचर पुन्हा पुढे घेतलं. लुसिंडाला बोलणी खाल्ल्याचं वाईट वाटलंच, पण तिला खरी काळजी वेगळीच होती. गॅरेजच्या जमिनीला उतार होता तो पाणी वाहून जाण्यापुरता. एवढ्याशा उतारावर गाडी सरकत असेल, तर डोंगरावर काय होईल?

त्या संध्याकाळी तिने टॉर्टियाच्या पिठाचा डबा उचलला आणि तिघांनी चारही चाकांभोवती पीठ भुरभुरवलं.

"आजोबांनी डबा मागितला तर?" वेंडलने विचारलं.

"तुझं नाव सांगू."

सकाळी गाडी पुन्हा दाराला टेकलेली होती. पिठात टायरच्या नक्षीचे चार पट्टे उमटले होते. माणसाचं पाऊल मात्र एकही नव्हतं.

"म्हणजे आपली आपणच सरकते," एलिसेओ म्हणाला.

तो चाकांच्या फळीवर उताणा पडून बाजूने गाडीकडे सरकला. गाडीच्या चाकांपासून अंग लांब ठेवून फक्त डोकं आत घातलं. मामा गाडी लावताना करायचा तसंच लुसिंडाने सगळं केलं. वेंडलच्या मदतीने गाडी चेंडूपाशी ढकलून पहिला गिअर टाकला. मग त्याच्या शेजारची छोटी दांडी नीट पुढे सारली. ही दांडी इंजिनाची ताकद चाकांकडे धाडते. ती मधल्या खाचेत आली, की इंजिनाची आणि चाकांची फारकत होते. मग गिअर कुठलाही टाका, चाकं मोकळीच.

"ढकला," एलिसेओ खालून म्हणाला.

लुसिंडा आणि वेंडलने समोरून जोर लावला. गाडी घट्ट उभी राहिली. त्यांनी पुन्हा रेटलं. खालून 'टक' असा बारीक आवाज आला आणि गाडी मागे निघाली. लुसिंडाने उडी मारून पायाचा ब्रेक दाबला.

"दांडी मधे आली?" एलिसेओने विचारलं.

"नाही. जिथे होती तिथेच आहे."

"पण दांडीचा खालचा सांधा मधल्या खाचेत आलाय. त्यातली गोल चकती झिजलीय. वरची दांडी नुसती शोभेची आहे, लुसी. खाली गिअर सुटतो आणि वर कळतसुद्धा नाही."

त्यांनी धावत जाऊन मामाला आणलं. त्याच्याबरोबर त्याचा मित्र रॉस्कोही आला. मुलांनी सगळं पुन्हा केलं, घाम फुटेपर्यंत गाडी रेटली. गाडी तसूभरही हलली नाही.

"आता सुटत नाहीये, पण सुटतो," लुसिंडा म्हणाली. "दर वेळी नाही सुटत."

"भूत आहे त्यात," रॉस्को हसला. "मोठी माणसं आली की लाजतं."

मामा मात्र हसला नाही. "अख्खा हिवाळा घातलाय मी हिच्यात. कुरणावर जायला आजोबा दिवस मोजताहेत. आता गॅरेजमध्ये पाय ठेवायचा नाही. आणि शनिवारी यातला एक शब्द काढलात, तर तिघंही घरी बसाल."

आई इस्पितळात ड्युटीवर होती. लुसिंडाने फोन केला तर ती घाईघाईने म्हणाली, "मामाला कळतं गं सगळं." आणि फोन ठेवला.

तिघं परसात जाऊन बसली. वेंडल म्हणाला, "घरी बसलो तर आजोबांच्या जवळ कुणीच नसेल."

"म्हणून गप्प बसायचं आणि बरोबर जायचं," लुसिंडा म्हणाली. "दोन बंदोबस्त करू. एक दिसेल असा, चाकाखाली लाकडाच्या पाचरी. त्या काढून टाकतील ते. म्हणून दुसरा न दिसेल असा."

शनिवारी खाणं ताजं ठेवायच्या डब्यात बरिटोंच्या खाली दडून पाचरी डोंगरावर निघाल्या. आजोबा पुढे मामाशेजारी बसले होते. डोक्यावर गवती हॅट, मांडीवर थर्मास. प्रत्येक वळणाला ते हात करून सांगत, "इथे कोल्हा यायचा," "इथे तुमची आजी घोड्यावरून पडली आणि मलाच रागावली." मागच्या बाकावर लुसिंडाचं लक्ष सगळ्या वाटेवर त्या छोट्या दांडीवर खिळलेलं होतं. रॉस्को आपला ट्रक घेऊन मागून येत होता.

कुरणाच्या कडेला मामाने खेचर थांबवलं, नाक उताराकडे करून. खाली गवत संपत होतं आणि तिथून थेट ओढ्याची घळ होती.

"मामा, सपाटीवर लावूया ना?"

"इथून आजोबांना सगळं दिसतं. त्यांचे गुडघे कुठे उतरू देतात त्यांना?" हँडब्रेकची तार अजून आलीच नव्हती. त्याने गिअर टाकला, इंजिन बंद केलं आणि बाजूच्या खडकावर जेवण मांडायला गेला.

लुसिंडाने पुढच्या चाकांखाली पाचरी सारल्या. वेंडलने रॉस्कोच्या ट्रकमधून गाडी ओढायचा जाड पट्टा काढला आणि गवतातून रांगत गाडीमागच्या पाइनच्या झाडाकडे निघाला. एलिसेओ मामाला अडवून बसला. आधी ढगांबद्दल, मग पक्ष्यांबद्दल, मग बरिटोत मिरची किती आहे याबद्दल विचारत राहिला.

रॉस्को फोटो काढायला आला. "हे सरपण कशाला मधे? फोटोची शोभा घालवतंय."

"राहू द्या ना, रॉस्कोकाका."

"फोटो झाला की परत ठेव." त्याने पायानेच एक पाचर उडवली.

लुसिंडाने पाइनकडे पाहिलं. पट्टा बुंध्याभोवती होता, पण त्याचा आकडा अजून वेंडलच्या हातातच होता. "काका, आधी या पाचरीसकट एक काढा ना. माझ्या आईला दाखवायला."

"बरं बाई." त्याने एक फोटो काढला. मग वाकून दुसरीही पाचर ओढून काढली.

टक.

आवाज लुसिंडालाच ऐकू आला. आजोबा थर्मासचं झाकण फिरवत होते. खेचर अगदी सावकाश पुढे निघालं.

"मामा," ती ओरडली, "गाडी सुटली!"

मामा खडकावरून धावला, घसरला, पुन्हा उठला. तो गाडीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. रॉस्को दाराला धरून ओढत होता आणि स्वतःच फरफटला जात होता. आजोबांनी ब्रेककडे पाय नेला, पण गुडघा वळेना. गाडीच्या मागे वेंडल गवतात पालथा पडला होता आणि दोन्ही हातांनी आकडा तिच्या मागच्या कडीत अडकवत होता.

पट्टा गवतातून ताडकन वर उसळला. पाइनच्या सुया झडल्या. खेचर हिसका खाऊन थांबलं, पुन्हा एकदा डुललं, आणि स्थिर झालं. पुढे गवताचा शेवटचा पट्टा तेवढा उरला होता.

कॉफीने भिजलेली पँट आजोबांनी चिमटीत धरली. "फर्मीन," ते शांतपणे म्हणाले, "मला आता उतरव."

लुसिंडाने दोन्ही पाचरी पुन्हा चाकांखाली ठोकल्या, तेव्हा कुठे मामाने आजोबांना उचलून खाली घेतलं. मग तो गुडघ्यांवर बसून गाडीत डोकावला. छोटी दांडी आपल्या जागी ऐटीत उभी होती. तो गाडीखाली वाकून पाहू लागला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"खालचा सांधा मधे आलाय," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच."

"सांगितलं होतं?" आजोबांनी विचारलं.

"हो. आणि मी त्यांना गॅरेजबाहेर काढलं."

रॉस्कोने टोपी काढली. "पाचरी मी काढल्या, पोरी. आणि पट्टा माझा असून मला पत्ताच नाही."

"ठाऊक होतं तुम्ही काढाल," लुसिंडा म्हणाली आणि मग मात्र तिला रडू आलं. एलिसेओ तिच्या शेजारी उभा राहिला आणि काही सुचेना म्हणून त्याने तिच्या हातात बरिटो दिला.

आजोबांनी वेंडलला जवळ बोलावलं. आकडा अडकवताना त्याचे तळहात सोलवटले होते. आजोबांनी ते आपल्या रुमालाने पुसले. "मेंढरं राखणारा माणूस बोलतो कमी, बघतो जास्त," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली खूप गडी होते. या तिघांवर मी अख्खा कळप बिनधास्त सोपवला असता."

रॉस्कोने ट्रक लावून खेचर मागे ओढलं. त्याच्या पेटीतली जाड तार घेऊन एलिसेओने खालचा सांधा आवळून बांधला, मामाने टॉर्च धरला. उतरताना आजोबा रॉस्कोच्या ट्रकमध्ये बसले. खेचरात मामा एकटाच होता.

निघण्याआधी त्याने किल्लीला हात लावला आणि तसाच थांबला. "लुसिंडा, एकदा खाली बघतेस?"

ती गवतात आडवी झाली. तार घट्ट होती. तिने सांधा हाताने हलवून पाहिला, मग पुन्हा एकदा हलवून पाहिला.

"हं," ती म्हणाली. "आता जा. पण सावकाश."

मामा सावकाश निघाला.